मुखपृष्ठावरचं निळं नाव

“बेटा, ही कोल्हीण आहे की तुमच्या गल्लीतली मांजर? शेपूट झुपकेदार कर की!”

संपादक कय्युमभाईंचा हा आवाज कानी पडला, तेव्हा मी त्यांच्या मुठीत होते. मित्रांनो, मी एक जुनी निळी पेन्सिल आहे, आता बोटभर उरलेली. धुळ्यात, देवपुरातल्या एका खोलीत कय्युमभाई मुलांसाठी कॉमिकचं मासिक काढत. देवदाराचं माझं अंग, पोटात आभाळी रंगाचं फिकट शिसं. गुण एकच, छपाईच्या कॅमेऱ्याला मी दिसत नाही. चित्रातली चूक मी दाखवायची, काळ्या शाईनं ती सुधारली जायची, आणि छापील पानावर माझा मागमूसही नसायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पिंपळनेरहून मुलांची पत्रं यायची, “कोल्हीण पुढच्या अंकात मरणार नाही ना?” कय्युमभाई मला कानावर खोचून ती मोठ्यानं वाचायचे.

ती कोल्हीण सोनगीरच्या प्रज्ञानं काढलेली. कय्युमभाईंनी तिचं पहिलं पुस्तक करायला घेतलं, वर्षभर आम्ही तिघं खपलो. शेवटी मुखपृष्ठावर त्यांनी माझ्याकडून तिचं नाव लिहून घेतलं. त्यावर काळी शाई त्यांनीच फिरवायची होती. घाईत ती राहिली. पुस्तक बिननावाचं छापलं गेलं.

चौथ्या दिवशी प्रज्ञाची आई आली. द्रौपदाबाई निंदणी-खुरपणीला जाणारी, लिहिता-वाचता न येणारी. लेकीचं नाव तेवढं चुलीच्या राखेत गिरवून शिकली होती. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसली. पुस्तक मांडीवर घेऊन पानापानावर बोट फिरवत गेली.

“भाऊ, बठ्ठं पुस्तक दखं. मनी पोरनं नाव कोठे शे?”

“छापखान्यानं घोळ केला, अक्का,” कय्युमभाई म्हणाले. “पुढच्या खेपेला मोठ्ठं छापू.”

पुढची खेप आलीच नाही. प्रज्ञा जळगावला गेली, दुकानांच्या पाट्या रंगवू लागली. रोज दुसऱ्यांची नावं. कय्युमभाईंनी मला पुन्हा टोक केलं नाही. संगणक आला, वाचक पांगले, मी खणात गंजक्या टाचण्यांशेजारी पडून राहिले.

गेल्या महिन्यात मासिक बंद झालं. आपली मूळ चित्रं न्यायला प्रज्ञा आली. केस पिकलेले, नखांत रंग.

“चहा पाजता ना, भाई? की तोही छापखान्यानं खाल्ला?”

कय्युमभाईंना हसू आलं नाही. “आई कशी आहे?”

“संक्रांतीनंतर गेली.”

मित्रांनो, कुणाच्या कष्टावर त्याचं नाव घालायचं राहिलं असेल, तर आजच घाला. वाट पाहणारं माणूस काही जन्मभर पुरत नाही.

प्रज्ञानं चित्रांचा गठ्ठा सोडला. वरच मुखपृष्ठ होतं, आणि त्यावर, फिकट पण स्वच्छ, माझी निळी अक्षरं.

“हे तर माझं नाव! मग छापखान्यानं...”

“छापखान्याचा काही दोष नव्हता, बेटा.” कय्युमभाईंनी चष्मा काढला. “शाई फिरवायची मीच विसरलो. छापण्याआधी नमुना-प्रत हातात आली, तेव्हा ध्यानातही आलं. पुस्तकाला उशीर होईल म्हणून बोललो नाही. तुझी आई इथं बसून पानावर बोट फिरवत होती ना, तेव्हाही मला ठाऊक होतं.”