एका कोयत्याची नोंद

बीडच्या एका महाविद्यालयात माहिती प्रणालीचा नवा अभ्यासक्रम मोहिनीबाई लिहीत होत्या. मुलांना उदाहरण ओळखीचं वाटावं म्हणून पहिल्या प्रात्यक्षिकाला त्यांनी ऊसतोड टोळीची नोंदवही घेतली. मुकादम लिहितो तशीच रचना केली : नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्याला नवऱ्याच्या नावाची एक ओळ.

मसुदा वाचायला बोलावलेल्या, ऊसतोड कुटुंबातल्या विद्यार्थिनीने, शिवकन्येने, मान वर केली. "मॅडम, यात माझी आई कुठं हाय?"

विभागप्रमुख भागवत सर हसले. "अगं, कोयत्यात धरलीच की ती! सगळीकडं असंच लिहितात."

"तिची पाठ गेली सर यंदा. ते कुणाच्या ओळीत लिहू?"

सरांचं हसू मावळलं. मोहिनीबाईंची स्वतःची आई चौदा हंगाम तोडीला गेली होती, आणि तरी ही चूक त्यांच्याच हातून झाली होती. मसुदा आजच विद्यापीठाकडे जायचा होता. त्यांनी तयार तक्ता खोडला आणि खाली लिहिलं, "रचना विद्यार्थ्यांनी करावी. आधी टोळीतल्या प्रत्येक माणसाला भेटावं, बायांनासुद्धा."

"असलं प्रात्यक्षिक मंजूर व्हायचं न्हाई, मॅडम," सर म्हणाले.

"परत आलं तर पुन्हा पाठवू," असं म्हणून मोहिनीबाईंनी सहीसाठी कागद सरांपुढे केला.

सरांनी पेन उघडलं, पण सही केली नाही. "आईचं नाव काय गं?" त्यांनी शिवकन्येला विचारलं.

"अंजना."

मग त्यांनी सही केली.