दोन्ही लोकरच

दुपारी पावणेचारला मोठ्या जावेने करड्या धाग्याचा बोटभर तुकडा मेणबत्तीवर धरला. तुकडा पेटला, आक्रसला आणि त्याचा काळा थेंब खालच्या बशीत पडला.

मोठी रफूच्या दुकानात कामाला होती. एका गिऱ्हाइकाच्या स्वेटरचं कोपर विरलं होतं. रंग जुळेल म्हणून उरलेला गुंडा मागायला ती धाकट्या जावेकडे खालच्या मजल्यावर आली होती. धागा जाळून बघितल्याशिवाय तो सुईत ओवायचा नाही, ही तिची सवय.

"ही लोकर नाही गं," ती म्हणाली. "लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो. लगेच विझते, राखेचा चिमटीत भुगा होतो. हे प्लॅस्टिक आहे. माझ्या गिऱ्हाइकाला नाही चालायचं."

धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. "ताई, याचीच यांची माकडटोपी विणलीये."

ती टोपी मोठीने तासाभरापूर्वीच जिन्यात पाहिली होती. "काय भावजी, आज दरोडा कुठं?" असं तिने विचारलं, तर धाकटीच्या नवऱ्याने नुसता अंगठा वर केला होता. भट्टीजवळच्या गोंगाटात वर्षं काढून त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. ऐकू आलं नाही की तो अंगठा वर करी. चहा की दूध असं विचारलं तरी अंगठाच. मोठीने त्याचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलं होतं.

तो लोखंडाच्या ओतकामावर होता. भट्टीतला रस साच्यात ओतताना ठिणग्या उडतात आणि हेल्मेटखाली, मानेवरून आत शिरतात. कारखान्याने दिलेली टोपी फाटली होती, नवी यायला वेळ होता. तोवर घरची आणा, पण सुती नाहीतर लोकरीचीच, असं मुकादमाने बजावलं होतं. म्हणून धाकटी दुकानात जाऊन "लोकर द्या" म्हणाली. दुकानदाराने दोन गुंडे पुढे टाकले. एक खरखरीत, मेंढीचा वास येणारा. दुसरा मऊ.

"यातली लोकर कुठली?" तिने विचारलं होतं.

"दोन्ही लोकरच. ही टोचते, ही टोचत नाही."

फसवावं असं त्याच्या मनातही नव्हतं. विणायच्या कुठल्याही धाग्याला सगळे लोकरच म्हणतात, तीही म्हणत आली होती. तिने दोन्ही गुंडे गालाला लावून पाहिले. नवऱ्याच्या मानेवर घामोळं उठलं होतं. तिने मऊ घेतला.

आता ती बशीतला थेंब नखाने खरवडत होती. थेंब गार होऊन चिनी मातीला धरून बसला होता. नख दुमडलं, पण तो निघाला नाही.

"ते ठेव खाली," मोठी म्हणाली. "फोन लाव. चारला ओततात ना?"

नवऱ्याचा फोन नुसता वाजत राहिला. पाळीवर फोन कपाटात ठेवावे लागतात. मग तिने फाटकावरच्या पहारेकऱ्याला लावला.

"काका, यांना निरोप द्या. लोकरीची टोपी घातलीये ना, ती काढायला सांगा. आत्ताच्या आत्ता."

"काढायला? अहो वहिनी, लोकरीचीच घालायची असते. इथं बोर्डावर लिहिलंय."

"तसं नाही हो. ती लोकर लोकर नाहीये!"

"लोकर लोकर नाही, मग काय मेंढी आहे?" पहारेकरी स्वतःच हसला.

मोठीने तिच्या हातातून फोन ओढला.

"प्लॅस्टिक आहे ते! ठिणगी पडली की वितळेल. कातडीला चिकटेल. कळलं का तुम्हाला?"

पलीकडचं हसू थांबलं.

"हे आधी नाही का सांगायचं," तो म्हणाला. फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग लांब जाणारी पावलं.

फोन चालूच होता, मोठीने तो स्पीकरवर टाकला. त्यातून पंख्याची घरघर ऐकू येत होती. धाकटीने ओटीत हात घट्ट आवळून धरले होते. मग फोनमधून भोंगा वाजला, लांबलचक. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

पहारेकरी धापा टाकत परतला.

"सांगितलं. भोंगा झाल्यावर आत सोडत नाहीत, म्हणून जाळीतूनच ओरडलो. काळजी करू नका, त्यांना कळलंय."

"काय म्हणाले?" मोठीने विचारलं.

"म्हणाले काही नाही. अंगठा वर केला."

मोठीने डोळे मिटले. धाकटीने फोन घेतला.

"टोपी काढली का त्यांनी?"

"वरून हेल्मेट होतं वहिनी. आतलं कसं दिसणार?"

"त्यांना ऐकू येत नाही, काका. मुकादमांना सांगा. ओतणं थांबवायला सांगा."

"मुकादमही आतच आहेत."

"मग पुन्हा जा. हात दाखवून सांगा, डोक्यावरून काढल्यासारखं करा. पाया पडते तुमच्या."

तो पुन्हा गेला. फोन टेबलावर चालू आहे, पंख्याची घरघर येते आहे. पहारेकरी अजून परतलेला नाही. आत ओतकाम सुरू झालं आहे.