पाणभुताच्या कोटाचं डावं टोक

पाणभुताच्या कोटाचं डावं टोक सतत गळत असतं, हे प्रागमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाजारात माणसासारखं मिरवणारं पाणभूत लोक ओळखतात ते त्यावरूनच. आणि चित्रकार ओतीलियेच्या पहिल्यावहिल्या परीकथांच्या पुस्तकात, अगदी मुखपृष्ठावर, उजवं टोक गळत होतं!

छापखान्याचे मालक कादलेत्स यांनी नमुन्याचा कागद तिच्या नाकासमोर नाचवला. "बाई, हे पाणभूत आहे की भिजून आलेला पोस्टमन?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. छपाईच्या दगडावर सगळं उलटं काढायचं, मग कागदावर सुलटं उमटतं. वरचं पुस्तकाचं नाव तिने आरसा धरून नीट उलटं लिहिलं होतं. पण पाणभूत आलं आणि हात सवयीने डावीकडेच वळला.

"संध्याकाळी यंत्र सुरू होणार," मालक म्हणाले. "तोवर दुसऱ्या दगडावर नव्याने काढलंत तर ठीक. नाहीतर मुखपृष्ठ व्हिएन्नाच्या चित्रकाराचं. त्याचं तयारच आहे."

"व्हिएन्नाचा? त्याने जन्मात पाणभूत बघितलंय का?"

"तुम्ही बघितलंय?"

"आमच्या गिरणीमागच्या तळ्यातच राहायचं!" ओतीलिये तणतणली.

आधी तिने रद्दी कागदावर काढून पाहिलं. पुन्हा डावीकडे! परत काढलं, तरी तेच. उजवा हात हट्टालाच पेटला होता. वैतागून तिने छपाईचा तेलकट काळा खडू डाव्या हातात घेतला, आणि थबकली.

शाळेत मास्तरांनी हाच हात फितीने बाकाला बांधून ठेवला होता. का, तर तो सगळी अक्षरं उलटी लिहायचा. उलटी!

ती दगडावर वाकली आणि खडू सुसाट सुटला. टोपी, हिरवे केस, कोट, थेंब, थेंब, थेंब! मग वरचं नाव, तेही आरशाशिवाय. इतक्या वर्षांनी मोकळा सुटलेला हात थांबायलाच तयार नव्हता. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मालकांनी शाई फिरवली, कागद दाबला, अलगद सोलून उचलला. अक्षरं सुलटी होती. डावं टोक झकास गळत होतं.

"वा, बाई, वा! मुखपृष्ठ तुमचंच!" त्यांनी हात पुढे केला.

ओतीलियेने उजवा हात उचलला आणि लगेच मागे घेतला. "थांबा. काम याने केलंय," ती म्हणाली, आणि खडूने काळाकुट्ट झालेला डावा हात तिने त्यांच्या हातात दिला.