रडणारं झाड आणि त्याचे पाहुणे

बागेच्या कोपऱ्यातलं झाड रडायला लागल्यापासून तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ऐन उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, फांद्यांवरून थेंब टपकत होते आणि खाली माणसं वाट्या, बाटल्या, डब्यांची झाकणं धरून माना वर करून उभी होती. मधोमध वृक्षबाबा. गेल्या महिन्यापर्यंत त्यांना इथे कुणी पाहिलं नव्हतं; आता झाडाच्या मनातलं फक्त त्यांनाच कळत होतं.

"झाड तुमच्या दुःखानं रडतंय!" ते गरजले. "डोळ्यांत घाला, दृष्टी उजळेल. संशय घ्याल तर मात्र गुण येणार नाही!"

म्हणजे गुण आला तर बाबांचा, नाही आला तर दोष तुमचा.

गर्दीत दातांची डॉक्टर उभी होती. आठवडाभर ज्या लेन्सनं दाढांचे फोटो काढायचे, तीच घेऊन रविवारी ती बागेत किडे टिपत हिंडायची. आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. वाटी धरून पुढे उभे होते ते तिचे सासरे. त्यांना काचबिंदू होता आणि औषधाचे थेंब त्यांनी बंद केले होते.

"अण्णा, गेलेली नजर परत येत नाही हो. औषध सोडू नका."

"अगं, ते झोंबतं! हे कसं गार वाटतं बघ. आणि एवढी माणसं काय वेडी आहेत?"

यावर बोलून उपयोग नव्हता. ती बाकावर चढली आणि कॅमेरा फांदीला भिडवला.

"फोटो नको! झाड लाजतं!" बाबा ओरडले.

"झाडाचा नाही काढत. त्याच्याकडे आलेल्या पाहुण्यांचा काढतेय."

लांबून जी देठाची हिरवी साल वाटत होती, ते होते एकाला एक चिकटून बसलेले तुडतुडे किडे. तिनं धीर धरून फोटो काढले, खाली उतरली आणि एक फोटो मोठा करून अण्णांच्या बऱ्या डोळ्यासमोर धरला.

"हा सोंड खुपसून दिवसभर झाडाचा रस पितो. त्यात पाणीच फार. नको असलेलं मागून टाकतो."

"मागून म्हणजे?"

"मागूनच, अण्णा."

अण्णांनी वाटीकडे पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, मग उघडून सगळी बाटली ओतून टाकली.

"झाडाच्याच पोटातलं पाणी ना ते!" बाबांनी बाजू सावरली.

"मग पलीकडची फांदी बघा," डॉक्टर म्हणाली. "झाड तेच. तिच्यावर तुडतुडे नाहीत, तर खाली जमीन कोरडी ठणठणीत."

लोक खरंच बघून आले. बाईंनी अण्णांच्या हातातली वाटी घेऊन बाबांपुढे केली. "आधी तुम्ही घाला डोळ्यांत."

बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं एक दुःखी झाड आठवलं.

घरी सुनेनं औषध घातलं तेव्हा अण्णा कळवळले. मग हळूच म्हणाले, "माझी नजर... उशीर नाही ना झाला गं?" तिला रडू आलं. "उद्या तपासून घेऊ," एवढंच ती बोलू शकली. नजर थोडक्यात वाचली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

चमत्कार बघायला खुशाल जा. पण डोळ्यांत काही घालण्याआधी ते येतं कुठून, एवढं विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो बाबा.