डॉक्टरीणबाईंच्या दारातला बाक

दवाखान्यापुढे एवढी गर्दी लोटली होती, की डॉक्टरीणबाईंना स्वतःच्याच दवाखान्यात मागच्या दाराने शिरावं लागलं. गर्दी त्यांच्यासाठी नव्हतीच. ती व्हरांड्यातल्या लाकडी बाकासाठी होती.

“बसा, टेका, बरे व्हा!” त्यांचे धाकटे दीर खुर्चीवर चढून ओरडत होते. “वहिनींच्या पुण्याईने पावन झालेला बाक! उचकी, डोकेदुखी, काहीही आणा! बसताना मनात एकच म्हणा, मत वहिनींना!”

आणि लोक बरे होत होते हो! शिंप्याची उचकी गेली. मास्तरांची डोकेदुखी थांबली. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

बाई म्हणजे गावातल्या पहिल्या डॉक्टरीण, आणि आता नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिलेली पहिली बाई. उभ्या राहिल्या त्या एकाच कामासाठी. बाजारातलं उघडं गटार झाकायचं. त्याचं पाणी विहिरीत झिरपतं आणि पोरं जुलाबाने आडवी होतात, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. ऐकायला कुत्रं यायचं नाही.

“भावजी, हा तमाशा बंद करा.”

“वहिनी, मतं खिशात आहेत आपल्या!”

“आणि रोगी? आठवडाभरात एक आत आलेला नाही.”

“बाहेरच बरे होतायत, आत कशाला येतील?”

रांगेतल्या एका आजींनी तर कहर केला. “गटार कशाला झाकतेस गं? बाक आहे ना!”

तेवढ्यात इस्त्रीवालीने आपलं पोर बाकावर निजवलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. दीर म्हणाले, “श्रद्धा ठेव, आत्ता उठेल.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी पोर उचललं, आत नेलं, साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला आईला बसवलं आणि बाहेर आल्या. मतं गेली तर गेली खड्ड्यात.

दीर भर उन्हात गालाला मफलर गुंडाळून होते.

“भावजी, दाढ दुखतेय ना? बसा बाकावर.”

दीर बसले. एवढ्या गर्दीसमोर नाही कसं म्हणणार?

“थांबली?”

“साफ!” म्हणताना डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“भक्तीचे अश्रू!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

बाईंनी गालावर बोटाने हलकेच टिचकी मारली. दिरांनी अशी किंकाळी फोडली, की शिंप्याची उचकी परत आली.

“आता ऐका,” बाई म्हणाल्या. “हा बाक माझा नाहीच. माझा बाक मी सोमवारीच गुपचूप मागे नेलाय, त्यावर बाटल्या वाळतायत. हा समोरच्या सलूनमधला आहे, कोणाला फरक कळतो का ते बघायला उसना आणलेला.”

“आणि माझी गिऱ्हाइकं उभी आहेत!” सलूनवाला कळवळून म्हणाला. “कधी देताय परत?”

मास्तर गोंधळले. “पण माझी डोकेदुखी खरंच थांबली!”

“उन्हातून आलात, तासभर सावलीत बसलात, पाणी प्यायलात. थांबणारच! उचकीही आपोआप जाते. जे बरे झाले त्यांना टाळ्या मिळाल्या. जे नाही झाले, त्यांना भावजींनी ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणून मागच्या मागे कटवलं. ते कोणी मोजले? त्या पोराला मात्र बाकाने मारलं असतं. मत द्यायचं तर गटार बघून द्या. बाकासाठी द्यायचं असेल, तर सलूनवाल्याला द्या!”

गर्दी पांगली. दिरांची दाढ बाईंनी आत नेऊन उपटली. दाढेपेक्षा त्यांना मतांचं दुःख जास्त होतं.

पण इस्त्रीवाली टुणटुणीत पोर कडेवर घेऊन घरोघर फिरली, आणि बाई निवडून आल्या. अगदी काठावर, पण आल्या. गटारावर फरशी पडली, जुलाबाची साथ ओसरली.

एका सकाळी बाईंना त्याच आजी गटाराच्या फरशीवर डोळे मिटून बसलेल्या दिसल्या.

“आजी, इथे काय?”

“फरशीचा चमत्कार आहे म्हणतात. हल्ली पोरं आजारीच पडत नाहीत.”

बाईंना हसू आवरेना. त्या शेजारी टेकल्या. “खरं आहे, आजी. पण हा चमत्कार कसा झाला, ते मी सांगू शकते. ‘कसा’ विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या बाकावर कधी बसू नका.”

आजींनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

“बरं, सांग. कसा?”