दुसरं कार्ड

मी मेलो ही बातमी माझ्याच साप्ताहिकात आली, आणि तीही माझ्याच जागेवर. दर गुरुवारी जिथे मी अकोल्याच्या बातम्या लिहायचो तिथे काळी चौकट: 'आमचे तरुण वार्ताहर सहदेव सूर्यभान यांचे भातकुली मुक्कामी निधन.' काय बाप्पा! हसावं की डोकं आपटावं?

चव्वेचाळीस सालची गोष्ट. लाहोरच्या विद्यापीठात वर्तमानपत्राची विद्या शिकवायचा वर्ग होता. आपल्याकडे तसलं काही नव्हतं. मी अर्ज केला आणि पत्ता दिला अकोल्याच्या कचेरीचा, कारण राहायला मी तिथेच जुन्या शहरात, जानरावमामाकडे होतो. उत्तर येईपर्यंत झेंडूच्या तोड्यासाठी भातकुलीला घरी आलो. आम्ही माळी, फुलं-भाजी पिकवणारे. तोड्याच्या दिवसांत घरचा माणूस बाहेर बसलेला चालत नाही.

तिसऱ्या दिवशी वाफ्यात वाकलो होतो आणि कावळा डोक्याला शिवला. चांगला पंजा मारून गेला लेकाचा. आईनं, पार्बताबाईनं, ते पाहिलं आणि हातातली टोपली टाकली. कावळा शिवला म्हणजे मरण. ते टाळायचं तर त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर नातेवाइकांना धाडायची. ते रडले की मरणाचं भागतं. मग दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड टाकायचं, की माणूस सुखरूप आहे. ही रीत आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक.

"लिही बावा, मामाले दोन कार्डं," आई म्हणाली.

"मी खोटी बातमी लिहीत नाई," मी ताडकन बोललो. "पत्रकार होऊन राह्यलो मी!"

मोठा आला पत्रकार! तेव्हा मुकाट्यानं लिहिलं असतं तर पुढे ते कार्ड हाती पडल्यावर संपादकांनी माझं अक्षर ओळखलं असतं. आई नत्थुजी मास्तरांकडे गेली. त्यांनी दोन्ही कार्डं लिहिली, रीतीप्रमाणे मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडला आणि तिच्या हातात दिली. मी पुन्हा तोड्याला लागलो आणि विसरून गेलो.

दहा दिवसांनी अकोल्याला आलो. मोर्णा नदी ओलांडून मामाच्या दारात उभा राहिलो तर मैनामामी किंचाळून आत पळाली. मामा तापानं अंथरुणाला खिळलेला, नाहीतर धावत भातकुलीला आला असता. त्यानं माझे हात चाचपून पाहिले.

"आमी रडलो, अन् मंग दुसऱ्या कार्डाची वाट पाह्यली," तो म्हणाला. "एक दिस, दोन दिस, तीन दिस. नाई आलं. मंग समजलो, पोट्टा खरंच गेला. कार्ड केशवरावाईले धाडून देल्लं."

केशवराव म्हणजे आमचे संपादक. मी तडक कचेरीत गेलो. मला पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, गळ्यात पडून रडले. मग हळूच म्हणाले, "लाहोरचं पत्र आलं होतं रे. मी त्यावर 'मयत' लिहून परत पाठवलं."

त्याच दिवशी मी जिवंत असल्याची तार लाहोरला केली. आठवड्यानं उत्तर आलं: जागा महिनाअखेरीपर्यंत राखून ठेवू. मात्र ज्या पत्राचे आपण वार्ताहर, त्यातच आपल्या मृत्यूची खोटी बातमी कोणाच्या चुकीने आली, याचा छापील खुलासा पाठवावा. चूक आपली असल्यास प्रवेश मिळणार नाही.

माझी तर नव्हतीच! मास्तरांची असेल, नाहीतर टपालाची. गुन्हेगार शोधायला पुन्हा भातकुली गाठली. नत्थुजी म्हणाले, "म्या दोन्ही कार्डं तुह्या मायच्या हातात देल्ली."

आई चुलीपुढे होती. मी विचारलं, "दुसरं कार्ड कुठी हाये?"

ती उठली आणि डाळीच्या डब्यातून कार्ड काढून दिलं. कोपरा शाबूत, शिक्का नाही.

"टाकलं काहून नाई?"

"मुद्दामच नाई टाकलं. तुह्यं लाहोरचं पत्र अकोल्यालेच येनार होतं. मले वाटलं, मेलेल्या मान्साले कोनी बोलावत नाई. पत्र मांगं फिरून जाईन."

"मी जिता असून मले गाडलं तू!" मी इतका ओरडलो की चुलीजवळची मांजर पळाली. "माह्या जिंदगीचा खेळ केला!"

ती ओरडली नाही. चंद्रभान, माझा मोठा भाऊ, ब्रह्मदेशच्या लढाईत मारला गेला होता. "त्याची तार आली तवाबी म्या दुसऱ्या कार्डाची वाट पाह्यली," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले. अजून पाहून राह्यली."

त्या घरात मला श्वास घेता येईना. तिच्यावर हात उगारता येत नव्हता आणि तिला माफही करता येत नव्हतं. रात्रभर दाराकडे पाहत पडून राहिलो. दार उघडंच होतं.

कचेरीत केशवरावांनी कागद पुढे सरकवला. "खरं ते लिही. एवढ्यानं तुझं लाहोर होतं."

खरं छापलं असतं तर आख्ख्या वऱ्हाडानं ते वाचलं असतं. पोराला जिता मारणारी बाई म्हणून आईला विहिरीवर कोणी जवळ उभं केलं नसतं. मी मनातल्या मनात तिला शिव्या देत अर्धा तास बसलो. मग लिहिलं: 'सदर खोटी बातमी आमच्या अकोल्याच्या वार्ताहराच्या चुकीने छापली गेली.'

केशवरावांनी वाचलं. "अकोल्याचा वार्ताहर म्हणजे तूच ना रे?"

"हो. छापा."

कात्रण मी स्वतःच लाहोरला धाडलं. उत्तर काय येणार ते ठाऊक होतं, तेच आलं. ते घेऊन भातकुलीला गेलो. ताटावर बसलो तेव्हा ते दुसरं कार्ड अजून माझ्या खिशातच होतं.

"मास्तरनं काय लिवलं होतं त्या कार्डावर?" भाकरी थापता थापता तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. "सहदेव सुखरूप आहे. घरीच आहे. काळजी नसावी."

तिचे हात थांबले.

"आनखी एक डाव वाच," ती म्हणाली.