चढावरची सात मिनिटं

मित्रांनो, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे माझं काम सुरू होतं. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, डोंगरात चालण्यासाठी बांधलेली मी एक जुनी गाडी आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग शेवाळी होता. आता तो कोणता, हे उन्हालाच विचारावं लागेल.

पहिली अकरा वर्षं मी जमीन मोजणाऱ्यांकडे काढली. मग लिलावात जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला घेतलं. त्यांनी माझी मागची बाकं काढून तिथे लाकडी कपाट ठोकलं. त्यात औषधं, दोर, बादली आणि खांद्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे असत. बाई कमी बोलत. माझं तेल मात्र दर सोमवारी स्वतः बघत. डोंगरातले लोक मला आवाजावरून ओळखत आणि लांबूनच म्हणत, “आली म्हातारी.” ते आपल्यालाच म्हणतात, असं बाईंना पहिलं वर्षभर वाटत होतं.

सगळ्यात वरच्या वस्तीत एका घोडेवाल्याची ओझी वाहणारी घोडी होती. तिथला चढ लांब आणि वळणावळणाचा. वर हवा विरळ असते, त्यामुळे तुम्हाला लागते तशी इंजिनालाही धाप लागते. शेवटच्या वळणाआधी मी तापायचे. बाई मला उभी करायच्या, रेडिएटर थंड होऊ द्यायच्या आणि मग निघायच्या. याबद्दल कधी कोणाची तक्रार नव्हती.

एका हिवाळ्याच्या शेवटी सकाळी नऊला वरून फोन आला. घोडी अडली होती, शिंगरू बाहेर येत नव्हतं. आम्ही लगेच निघालो. नेहमीच्या जागी मी तापले आणि चार मिनिटं थांबावं लागलं. पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. घोडी वाचली, शिंगरू मेलेलं निघालं. घोडेवाल्याने बाईंच्या हातावर पाणी घातलं, पुसायला स्वतःचा पंचा दिला. ती चार मिनिटं त्यांच्या मनात घर करून बसली.

बाईंचा धाकटा भाऊ चिखलातल्या, डोंगरातल्या शर्यतींत गाडी चालवतो. त्याला कळलं तसा तो पुढच्याच आठवड्यात गोणपाटात गुंडाळून एक सुपरचार्जर घेऊन आला. मित्रांनो, सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. तो पंप फिरवायचा मात्र इंजिनालाच, एका पट्ट्याने.

“ताई, दोन दिवसांचं काम आहे,” भाऊ म्हणाला. “मग चढ आहे हेसुद्धा कळणार नाही.”

खरं सांगते, मला तो हवा होता. शिंगराचा विचार माझ्या मनातही नव्हता. मला फक्त ‘म्हातारी’ हे नाव पुसायचं होतं.

माझी दुरुस्ती करणारे मिस्त्री मला बारा वर्षं ओळखत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. बसवून देतो, पण आधी हिची छाती तपासू, एवढंच म्हणाले. त्यांनी प्लग काढले आणि एकेका सिलिंडरला दाब मोजायचं गेज लावलं. चारपैकी तीन ठिकाणी काटा सरळ वर गेला. तिसऱ्या सिलिंडरला तो अर्ध्यावरच थांबला. भाऊ, बाई, मिस्त्री, तिघंही त्या काट्याकडे बघत होते. इतकी वर्षं जे मी आवाजात लपवलं होतं, ते चारचौघांत उघडं पडलं.

“हिच्यात आणखी हवा कोंबली तर इंजिन फुटेल,” मिस्त्री म्हणाले. “नाकापेक्षा मोती जड होईल, बाई.”

भावाचं म्हणणं, मग इंजिन नवं करू आणि वर हा बसवू. मिस्त्रींचं म्हणणं, मग क्लच पुरणार नाही, आणि चढली तरी ब्रेक जुनेच, तेव्हा उतरायचं कसं? भाऊ म्हणाला, ब्रेकही बदलू. दोघांपैकी चुकीचं कोणी बोलत नव्हतं, म्हणूनच वाद मिटेना.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. “नक्की किती वेळ वाचेल?”

“निम्मा तरी,” भाऊ म्हणाला.

“मोजू या.”

भावाच्या गाडीला तसाच सुपरचार्जर होता. रविवारी बाईंनी ती गाडी स्वतः वरच्या वस्तीपर्यंत नेली. अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. सोमवारी तेवढंच सामान भरून त्यांनी मला नेलं. भाऊ शेजारी घड्याळ घेऊन बसला होता. मला पंचावन्न लागली आणि त्यात थांबलेली चार मिनिटंही आली. भावाने घड्याळ दोनदा बघितलं. वेग ताकद ठरवत नव्हती. वळणं आणि सुटे दगड ठरवत होते.

बाई उतरल्या आणि घोडेवाल्याच्या अंगणात गेल्या.

“त्या दिवशी घोडीला कळा कधी लागल्या होत्या?”

“आदल्या दिवशी सात वाजता. दिवेलागणीला.”

“आणि फोन सकाळी नऊला?”

घोडेवाल्याने मान खाली घातली. “आधीच्या खेपेला आपोआप सुटली होती. म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास कशाला.”

“चौदा तास,” बाई हळूच म्हणाल्या. त्या तिथेच दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, “यापुढे मला त्रास देत जा.”

सुपरचार्जर गोणपाटातून बाहेर आलाच नाही. भाऊ जरा हिरमुसला. पण महिनाभराने तोच माझ्यासाठी मोठा रेडिएटर आणि नवे ब्रेक घेऊन आला. मिस्त्रींनी तिसरा सिलिंडर दुरुस्त केला. बाई दोन दुपारी वस्तीत जाऊन बसल्या आणि त्यांनी एक गोष्ट सगळ्यांकडून घोकून घेतली. घोडीचं पाणी गेल्यावर अर्ध्या तासात पिलाचे पाय दिसले नाहीत, तर वाट बघायची नाही. फोन करायचं काम घोडेवाल्याच्या सुनेने अंगावर घेतलं.

त्या वर्षी वरून तेरा फोन आले. त्यातले नऊ अगदी विनाकारण होते. तेराही वेळा बाई निघाल्या. एकदा तर आम्ही इतक्या लवकर पोहोचलो की करायला काही नव्हतंच. बाई माझ्या बंपरवर बसून चहा पीत राहिल्या, आणि समोर एक गाय आपली आपण व्याली. वासरू तीनदा पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं. बाईंनी माझं कपाट उघडलंसुद्धा नाही. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र, जनावर किंवा माणूस मागे पडतंय असं वाटलं, तर त्याच्यावर नवा जोर लादू नका. आधी त्याची छाती तपासा. ते कुठे दमलंय ते बघा. आणि कोणाची गरज लागली, तर त्याला त्रास होईल म्हणून हाक मारायचं लांबवू नका. आम्ही हळू येतो, पण येतो.